शौचकूपाची गळती : तिचा शोध व दुरुस्ती

यंदाच्या अंकासाठी मी या विषयावर लिहिणार असे सांगितले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत क्षणभर शांतता पसरली आणि मग हशा पिकला. मास्तराने कवींवर लिहावे, प्रवासवर्णन करावे, फार तर काटकसरीवर चार शब्द सांगावेत. संडासाच्या भांड्याभोवती पाणी कोठून साचते हा काय लेखाचा विषय झाला, असा त्या हसण्याचा भावार्थ होता. मीही हसलो. परंतु ज्या वस्तूचे नाव घेण्यास आपण संकोचतो ती एक दिवस बिघडली म्हणजे घरातील लहानथोर सर्वांचा दिवस बिघडतो, हे कोणत्याही गृहिणीस विचारून पाहावे. शिवाय या विषयातील माझ्या अज्ञानामुळे एका वृद्ध बाईंस माझ्या हातून त्रास झाला. तो प्रसंग येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

आम्ही नागपुरात एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. वरच्या मजल्यावर एक वयस्क विधवा बाई एकट्याच राहत. आमची मुले त्यांस आजी म्हणत, म्हणून आम्हीही आजीच म्हणू लागलो. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत व शौचगृहाची भिंत एकच होती. एका हिवाळ्यात त्या भिंतीवर, छतापासून हातभर खाली, बशीएवढा ओलसर डाग दिसू लागला. महिन्याभरात तो परातीएवढा झाला, रंगाचे पोपडे सुटले व खालच्या फळीवरील पीठमिठाच्या डब्यांस बुरशी चढली. डाग उंचावर होता, आमच्या वर आजींचे शौचगृह होते. त्यावरून मी निकाल देऊन मोकळा झालो. वर जाऊन मी त्यांस म्हणालो, "आजी, आपल्या संडासाचे पाणी आमच्या स्वयंपाकघरात उतरते आहे. काही तरी करावयास हवे." मी रागावून बोललो नव्हतो, पण स्वयंपाकघर हा शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारला, हे मला आठवते.

आजींनी त्यावर वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी माझ्या पत्नीस शेजारणीकडून कळले की, त्या दिवसापासून आजी आपले शौचगृह वापरीतच नाहीत. सकाळी व रात्री जिना उतरून अंगणाच्या कोपऱ्यातील नोकरांसाठी बांधलेल्या जुन्या संडासात जातात. त्यांचे गुडघे दुखत. जिन्यावर दिवा नव्हता. आणि तरीही डाग वाढतच होता.

त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने मुलांची पेन्सिल घेतली, डागाच्या कडेवरून एक रेघ ओढली आणि तिच्याजवळ तारीख लिहिली. रोज सकाळी व रोज रात्री ती अशी रेघ ओढू लागली. नकाशावर डोंगराची उंची दाखविणाऱ्या रेषा असतात तशी ती भिंत दिसू लागली. मध्येच आजी भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस वर्ध्यास गेल्या. वरचे घर कुलूपबंद, वरची तोटी बंद. आणि रेघा मात्र नित्याप्रमाणे, रात्रीइतक्याच दिवसा, बोटबोट बाहेर सरकत राहिल्या. तेव्हा कोठे मला समजले की, पाणी वरून येत नव्हते. ते आमचे स्वतःचे होते.

माझी चूक नेमकी कोठे झाली, तेच या लेखात सांगावयाचे आहे. मी डागास "तू कोठे आहेस?" एवढेच विचारले, "तू केव्हा वाढतोस?" हे विचारले नाही. पाणी जेथे दिसते तेथेच ते गळत असते असे मुळीच नाही. भिंतीच्या पोटात ते विटांच्या सांध्यांतून वाट काढते, फरशीखालून दहा हात चालत जाते, सळईच्या आधाराने छताच्या मध्यभागी येऊन टपकते. गिलाव्यातून तर ते थोडेफार वरही चढते. त्याचे स्थळ फसवे असते, त्याची वेळ सहसा फसवीत नाही.

वेळेच्या अशाच प्रश्नाने एकदा एका मोठ्या शहरातील मृत्यूंचा उगम सापडला होता. इ.स. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास पटकीची भयंकर साथ उसळली व तीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्या माणसांची घरे कोठे होती हे पाहून रस्त्यावरील हातपंपाच्या पाण्यावर संशय घेतला व ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढविला. पण विहिरीत विष आले कोठून? विहीर आतून तपासली, तर तीत दोष दिसेना. त्या वस्तीतील तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यांस स्नो यांचे म्हणणे प्रथम पटत नव्हते, व ते खोडून काढावे अशा हेतूनेच ते घरोघर हिंडू लागले होते. सर्वांच्या आधी कोण आजारी पडले, याचा शोध करता करता त्यांस मृत्यूच्या नोंदींत एक तान्ही मुलगी सापडली. ती पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरात राहत होती व साथ उसळण्याच्या काही दिवस आधीच तिला जुलाब सुरू झाले होते. तिची आई मळलेले कपडे धुऊन ते पाणी घरापुढील शौचाच्या हौदात ओतीत असे. मग तो हौद खणून पाहिला. त्याच्या विटा झिजून सुट्या झालेल्या होत्या आणि विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. घराच्या संडासाभोवतीची एक गळती, एवढेच त्या अनर्थाचे मूळ. विहिरीकडे पाहून ते कळले नाही. आधी कोण व केव्हा, हे विचारल्यावर कळले.

आता आपल्या घराकडे वळू. शोधास आरंभ करण्यापूर्वी एक सावधगिरी : ओल विजेच्या बटणापर्यंत किंवा तारेपर्यंत पोचली असेल, तर प्रथम त्या भागाची वीज बंद करावी व मगच भिंतीस हात लावावा.

शौचगृहात पाणी दोन प्रकारचे असते. एक सदैव दाबाखाली उभे असलेले, म्हणजे गच्चीवरील टाकीतून नळाने भिंतीतून येऊन फ्लशच्या टाकीपर्यंत पोचणारे; आणि दुसरे, आपण सोडले तरच वाहणारे. पहिल्याची गळती अहोरात्र चालते, घरात माणूस असो वा नसो. दुसऱ्याची गळती आपण पाणी वापरल्यावरच होते. म्हणून पहिली परीक्षा अशी की, रात्री निजण्यापूर्वी शौचगृहाची फरशी व भांड्याचा बाहेरचा भाग फडक्याने कोरडा करावा, सांध्यांखाली जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरावेत, आणि सकाळपर्यंत कोणी तेथे जाऊ नये. पहाटे कागद भिजलेला असेल तर दोष दाबाच्या पाण्यात आहे. कोरडा असेल तर तो वापराच्या पाण्यात आहे. खडूची पूड शाळेत फुकट मिळते. तीही याच कामी चांगली. भांड्याच्या बुडाभोवती ती पातळ भुरभुरावी. पाण्याचा पहिला ओघळ तिच्यावर आपली वाट लिहून ठेवतो, व तो कोणत्या बाजूने निघाला हे स्पष्ट दिसते.

थंड देशांत फ्लशच्या टाकीस बाहेरून घाम सुटतो व लोक त्यालाच गळती समजतात. आपल्याकडे तसे क्वचितच घडते. पावसाळ्यात शंका आलीच तर टाकी पुसून तिच्यावर हात फिरवावा; ओल सर्वत्र सारखी असेल तर तो हवेतील दमटपणा, एका ठिकाणाहून धार असेल तर गळती.

कागद भिजलेला सापडल्यास भिंतीजवळची लहान तोटी बंद करून पुन्हा एक रात्र पाहावे. आता कोरडे राहिले, तर दोष तोटीच्या पुढे आहे : जोडनळीच्या टोकाचे वायसर झिजले असेल, किंवा टाकीच्या बुडाचा आटा सैल झाला असेल. तोटी बंद असूनही ओल वाढली, तर दोष तोटीच्या मागे, भिंतीच्या आत आहे. व मग मुख्य तोटी बंद करून पाहावे. आमच्या घरी नेमके असेच झाले होते. साखळी ओढण्याची जुन्या पद्धतीची लोखंडी टाकी आमच्याकडे उंच भिंतीवर बसविलेली होती, तिला पाणी देणारा नळही तितक्याच उंचीवर भिंतीतून बाहेर निघत होता, आणि त्या लोखंडी नळाचा आटा भिंतीच्या आत दोन बोटांवर गंजून गेला होता. थेंब शौचगृहात एकही पडत नसे. तो सर्व भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात जिरत होता. डाग उंचावर का, याचे उत्तर इतके सोपे होते.

एक गळती अशी असते की तिच्याने काहीच भिजत नाही. टाकीच्या तळाचे रबर नीट बसत नाही, आणि पाणी गुपचूप भांड्यात उतरून जाते. कपड्यांस देण्याची नीळ थोडीशी टाकीत मिसळावी व अर्धा तास साखळी ओढू नये. भांड्यातील पाणी निळे झाले की चोर सापडला. या चोरीची किंमत गणिताच्या वहीत काढून पाहावी. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला व सेकंदास एकच थेंब गळला, तर चोवीस तासांत ८६,४०० थेंब, म्हणजे ४ लिटरांहून अधिक पाणी गेले. वर्षाचे दीड हजार लिटर होतात. आणि रबर बिघडलेली टाकी थेंबाने गळत नाही, धारेने गळते. २०१९ च्या जुलै महिन्यात पेंच धरणाचे पाणी आटल्यामुळे नागपूरकरांस काही दिवस नळाविना काढावे लागले होते. त्या दिवसांत बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांस हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

आता वापराच्या पाण्याकडे येऊ. येथेही वेळच विचारावयाची, फक्त जरा बारकाईने. साखळी ओढल्यावरच ओल येते, पण बादलीने पाणी ओतल्यास येत नाही, असे असेल तर टाकीपासून भांड्यापर्यंतची नळी जेथे भांड्याच्या मागे शिरते तो सांधा फुटला आहे. बादलीच्या पाण्यानेही येते, तर दोष भांड्यात किंवा भांडे व त्याखालील वाकड्या नळीच्या जोडात आहे. स्नानानंतरच येते, तर बिचाऱ्या संडासाचा काही अपराध नाही. न्हाणीची जाळी किंवा फरशीच्या फटी पाहाव्यात. आणि केवळ पाऊस झाल्यावर येते, तर बाहेरची भिंत व गच्ची पाहावी. यांतील प्रत्येक परीक्षा निरनिराळ्या दिवशी करावी. एकाच सकाळी सर्व पाणी ओतून पाहणारा मनुष्य शेवटी होता तेथेच राहतो.

या वाकड्या नळीविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण तिची योजना मला फार आवडते. कारागीर तिला ट्रॅप म्हणतात. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळे करणाऱ्या कारागिराने तिच्यासाठी सरकारी हक्कपत्र मिळविले. नळीच्या बाकात थोडे पाणी नेहमी उभे राहते व गटारातील दुर्गंधी घरात येऊ देत नाही. चाके नाहीत, कळ नाही. केवळ पाण्याचे दार. या दारातील पाण्याची पातळी ठरलेली असते, व तिचा आपणांस शोधाच्या कामी उपयोग होतो. रात्री त्या पातळीस पेन्सिलीची खूण करावी. नागपूरच्या मे महिन्यातही एका रात्रीत वाफ होऊन जाणारे पाणी अगदी थोडे असते. सकाळी पातळी खुणेच्या बरीच खाली गेली असेल व वासही येऊ लागला असेल, तर नळीस तडा आहे असे बहुधा समजावे.

दोष सापडला म्हणजे दुरुस्ती बहुतेक सोपी असते. सैल आट्यासाठी तोटी बंद करून जोड सोडावा, जुना सफेदा व धागा तारेच्या कुंचल्याने साफ खरवडावा, व टेफ्लॉनची पट्टी आटा ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने ताणून आठदहा वेढे गुंडाळावी. उलट दिशेने गुंडाळल्यास आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. वायसर जुने असल्यास ते बदलावेच, कारण त्याची किंमत किरकोळ असते. चिनीमातीच्या टाकीचा आटा हाताने बसवून पान्याने अगदी थोडा आवळावा. बळ दाखविणाऱ्याच्या हातून टाकीच फुटते. आमचा भिंतीतील नळ मात्र गवंडी बोलावून हातभर फोडावा लागला, व गंजलेला तुकडा काढून नवा घालावा लागला.

खुर्चीसारखे विलायती भांडे डुलत असेल, तर आधी त्याचे खिळे पाहावेत. भांडे हलत राहिले की खालचा सांधा कितीही वेळा भरला तरी पुन्हा फुटतो. येथे पुष्कळ लोक एक घाई करतात : भांड्याच्या बुडाभोवती पांढऱ्या सिमेंटची सुरेख गोल कड भरून घेतात, व ओल दिसेनाशी झाली म्हणून समाधान मानतात. पाणी आता बाहेर न येता फरशीखाली जाते, एवढाच त्यात फरक पडतो. प्रथम सांधा दुरुस्त करावा. नंतर कड भरावी, आणि तीही मागच्या बाजूस दोन बोटे मोकळी ठेवून, म्हणजे पुढे गळती झालीच तर ती आपणांस कळेल. देशी भांडे फरशीत बसविलेले असते. त्याचा खालचा जोड फुटला असेल तर फरशी उकलण्यावाचून उपाय नाही. ते काम जाणत्या कारागिराचे आहे, व त्यासाठी पैसा वाचवू नये.

वरच्या मजल्यांवर शौचगृहाची जमीन खोलगट ठेवून तीत विटांचे तुकडे भरलेले असतात. महिनोन् महिने गळती झाली असेल तर हा खोलगट भाग हौदासारखा पाण्याने भरून राहतो, व दुरुस्तीनंतरही ते पाणी कित्येक आठवडे खाली झिरपत असते. लोक कारागिरास बोल लावतात व भांडे पुन्हा फोडतात. अशा वेळी पेन्सिल काढावी. डागाची कड पुढे सरकत नसेल, तर कारागिराचे काम चोख झाले आहे.

घराबाहेरची गळती अधिक धोक्याची असते, कारण ती कोणासच दिसत नाही. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, त्याच दगडापासून झालेली काळी माती नागपूरच्या पश्चिमेकडील पुष्कळ भागांत आढळते. ती उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात, व पावसाळ्यात ती फुगते. दरवर्षीच्या या ओढाताणीत जमिनीतील मातीच्या नळांचे सांधे सुटतात. मैल्याचे पाणी जमिनीत पसरते. आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचा जुना नळ असला व त्यात पाणी ठरावीक तासच येत असले, तर नळ रिकामा असताना ते घाण पाणी छिद्रातून आत ओढले जाते. २०१२ साली इचलकरंजीस कावीळीची मोठी साथ आली होती. तिचे मूळही पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळण्यातच होते. नळात चोवीस तास पाणी ठेवावे असा आग्रह जाणकार धरतात तो केवळ सोयीसाठी नव्हे. भरलेल्या नळात बाहेरचे पाणी सहसा शिरू शकत नाही. नागपुरात हा प्रयोग प्रथम धरमपेठेत झाला. पाणी व सांडपाणी यांच्या अभ्यासासाठी १९५८ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

ज्यांच्या अंगणात विहीर व मैलाटाकी दोन्ही आहेत, त्यांनी दोहोंमधील अंतर एकदा दोरीने मोजावे. मैलाटाकीचे पाणी जेथे जमिनीत मुरते तेथून विहीर निदान १८ मीटर दूर असावी, असा आपल्या देशाचा मानक नियम आहे. आणि टाकी फुटली आहे अशी शंका आली, तरी तीत माणूस उतरवू नये. कोणी थोड्या पैशांसाठी आपण होऊन तयार झाला, तरीही उतरवू नये. आत साचणारा विषारी वायू प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास देतो व मग वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, म्हणून उतरणाऱ्यास धोका टळला असे वाटते, आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्यास वाचविण्यास उतरणाराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने असे काम करविणे हा गुन्हा ठरविला आहे. टाकी यंत्राने उपसवावी, व रिकामी झाल्यावर बाहेरूनच पाहावी.

आमच्या घराचा नळ बदलल्यावर गवंड्याने त्याच दिवशी गिलावा करून देण्याची तयारी दाखविली. आम्ही त्यास थांबविले. ओल्या विटांवर केलेला गिलावा टिकत नाही. भिंत उघडी ठेवून उन्हाळ्याच्या झळा तिला लागू द्याव्यात. म्हणून पेन्सिलीच्या त्या रेघा मे महिन्याच्या अखेरीपर्यंत तशाच राहिल्या. आजींस मी वर जाऊन सर्व हकीकत सांगितली व क्षमा मागितली. त्या "असू द्या, मास्तर" एवढेच म्हणाल्या, पण त्या दिवसापासून पुन्हा आपले शौचगृह वापरू लागल्या. एके दुपारी त्या आमच्याकडे वाटीभर साखर मागण्यास आल्या, तेव्हा भिंतीसमोर थांबल्या, चष्मा सावरून तारखा वाचू लागल्या, आणि एका रेघेवर बोट ठेवून माझ्या पत्नीस म्हणाल्या, "या दिवशी तर मी वर्ध्याला मांडवात बसली होती."